कौसल्येची गोळी आणि अकराचा भोंगा

नर्सची नोकरी केली की पायाच्या शिरा फुगतात आणि डोक्यात किस्से साठतात. शिरांना पट्टी बांधता येते. किस्स्यांना कुठे बांधणार? ते भाजी निवडताना निघतात, लग्नाच्या पंगतीत निघतात. एकदा तर मयतीला बसल्या बसल्या तोंडातून निघाला. लोक हसले, आणि घरी येऊन मी बोलणी खाल्ली!

पण साठच्या दशकातल्या अकोल्याच्या आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डातले सगळ्यात जास्त किस्से एकट्या कौसल्येच्या नावावर आहेत. ती स्वतः फारशी बोलायची नाही. गिरणीच्या चाळीत राहायची, नवरा सुखदेव गिरणीतच कामाला. आधीची दोन लेकरं गेलेली. दोन्ही वेळा तिचं दूध आटलं आणि वरच्या दुधावर लेकरं टिकली नाहीत. त्यामुळे तिसऱ्या वेळी दवाखान्यात पाय टाकतानाच ती मला म्हणाली, "सिस्टर, हे लेकरू मी माह्याच दुधावर वाढवीन." तिचं मागणं एवढंच होतं.

* * *

पाचव्या महिन्यात तिचं अंग सुजलं. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या, हुशार आणि तेवढ्याच तापट. त्यांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हा नवलाईचं औषध, नागपूरहून मागवावं लागे. त्यानं दुखणं दबतं, पण शरीराची रोगाशी लढायची ताकदही कमी होते. शिवाय तोंड गोल गरगरीत होतं.

कौसल्येचं तोंड महिन्याभरात पुरीसारखं फुगलं. तिची सासू जनाबाई खूश! पुढच्या खेपेला ती आपल्या काटकुळ्या लेकीला घेऊनच आली.

"डॉक्टरीणबाई, हिलेबी थ्याच गोळ्या द्या. हिचं लग्न जमून नाही राहिलं."

"अहो, त्या गोळ्या लग्नाच्या नाहीत! मूत्रपिंड सुधारायच्या आहेत!"

जनाबाईनं लेकीला पुढे ढकललं. "सुधरू द्या न मंग थेबी. पाहुण्यायले काहून सांगा लागते?"

* * *

मुलगी झाली. गोरीगोमटी, रडण्यात पटाईत. आता खरा प्रश्न उभा राहिला. आईला गोळी चालू, मग लेकीला पाजायचं की नाही?

डॉक्टरीणबाईंच्या कपाटात दोन पुस्तकं होती. एकात लिहिलं होतं, पाजू नये. दुसऱ्यात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. आमचे कंपाउंडर गावंडे यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी मत दिलं. "गोळी गेली पोटात, दूध हाये छातीत. मंधात रस्ता कुठी हाये?"

शेवटी बाईंनी मुंबईच्या आपल्या जुन्या सरांना पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत दूध पिळून काढायचं आणि फेकायचं, म्हणजे आटणार नाही. तोवर वॉर्डातली दुसरी एक बाळंतीण कौसल्येच्या लेकीला पाजत होती.

पण आईचं दूध फेकायचं कुठे? पायाखाली येता कामा नये! जनाबाई दर वेळी वाटी घेऊन अंगणातल्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतून यायची. लिंबाला हात जोडायची. तिचं पाहून इतर बायकाही हात जोडू लागल्या. दोन दिवसांत कुणीतरी कुंकू लावलं, मग नारळ आला. डॉक्टरीणबाई खिडकीतून ओरडल्या, "गावंडे, हे काय चाललंय?"

"काही नाही बाई," गावंडे म्हणाले, "झाडाले औषध चालू हाये. त्याचं मूत्रपिंड आता शंभर वर्षं पाहा लागत नाही!"

इकडे कौसल्या भरल्या वाटीकडे बघून तोंड फिरवायची. मला फार वाईट वाटायचं तिचं.

* * *

आठव्या दिवशी सरांचं पत्र आलं. बाईंनी घाईघाईनं फोडलं. आत दोनच ओळी होत्या. अशी केस मी पाहिलेली नाही, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि काय झालं ते मला अवश्य कळवा, विद्यार्थ्यांना सांगता येईल!

बाईंनी पत्राचा बोळा केला. मग कौसल्येच्या खाटेपाशी आल्या. "सकाळी एकदाच गोळी घ्यायची. चार तास पाजायचं नाही. ते दूध काढून टाकायचं. मग दिवसभर खुशाल पाज. दर आठवड्याला पोरीचं वजन करायचं."

कौसल्या पोरीला पोटाशी धरून इतकी रडली की डॉक्टरीणबाईंनाच खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

* * *

घरी जाताना बाईंनी जनाबाईला बजावलं. "हिच्या अंगात ताकद कमी आहे. सर्दी-पडशाचं माणूस आत येऊ द्यायचं नाही!"

बाराव्या दिवशी बारसं. मीही गेले. पाहते तर बायकांची ही गर्दी, आणि सगळ्या बाहेर! दारात जनाबाई तपकिरीची डबी घेऊन बसलेली. येईल तिच्या नाकाखाली चिमूट धरायची. शिंकली की म्हणायची, "सर्दी हाये. बाहेर बस."

माझ्याही नाकाखाली चिमूट आली. मीही शिंकले.

"बाप्पा!" जनाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "सिस्टरबी बिमार! अख्खी चाळच बिमार निघाली!"

पोरीचं नाव आम्ही सगळ्यांनी खिडकीतून ऐकलं.

* * *

चार तास मोजायला घरात घड्याळ नव्हतं. पण गिरणीचा भोंगा होता. सातला वाजे, अकराला वाजे. सातच्या भोंग्याला गोळी, अकराच्या भोंग्याला लेक. चोख व्यवस्था! दोन महिने एकदाही चूक झाली नाही.

एके दिवशी मी पोरीचं वजन करायला चाळीत गेले, तर पोर रडून लालबुंद झालेली. सातचा भोंगा झाला होता. पण नऊला जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, कुणाला तरी आईवरून शिवी दिली आणि सगळे कामगार बाहेर पडले. संप! अकराचा भोंगा वाजलाच नाही.

मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "जनाबाई, सव्वाअकरा झाले. पाजू द्या तिला."

"तुमचं घड्याळ मांगं-पुढं होत असंल. भोंगा होत नाही."

"अहो, पोर रडून मरेल!"

"दोन गेले, सिस्टर." जनाबाई म्हणाली. "आता मी घाई करू देत नाही. भोंगा झाला का पाजू देईन."

कौसल्येची चोळी पान्ह्यानं भिजली होती. सासूला ती आजवर उलटून बोललेली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. उठली, पोरीला खांद्याला लावलं आणि सरळ चालू लागली. मी मागे, जनाबाई माझ्या मागे.

गिरणीच्या फाटकाशी दोनशे माणसं हातात हात घालून उभी. आत कुणाला जाऊ द्यायचं नाही अशी शपथ घेतलेली. सगळ्यात पुढे सुखदेवच!

"कुठी चालली?"

"भोंगा वाजवाले."

सुखदेव अडकला. एकीकडे शपथ, एकीकडे लेक टाहो फोडून राहिलेली. त्यानं म्होरक्या तुकारामबुवांकडे पाहिलं. बुवांनी मिशीवरून हात फिरवला. "बंदी कामगारायले हाये," ते म्हणाले. "बाळंतिणीले कोनं केली?"

साखळी सुटली. कौसल्या आत गेली. तिनं बॉयलरपाशी जाऊन भोंग्याची दोरी ओढली आणि भोंगा असा काही वाजला की वाजतच राहिला! झाडावरचे कावळे उडाले, टांग्याचे घोडे बिथरले.

मॅनेजर ऑफिसातून धावत सुटले. धोतराचा सोगा हातात, चेहऱ्यावर आनंद मावेना. बॉयलरच्या पायरीवर कौसल्या पदर ओढून पोरीला पाजत बसलेली.

"मिटला? संप मिटला काय, बाई?"

कौसल्येनं मानही वर केली नाही.

"माहा मिटला. तुमचा तुमी पाहा!"