उजवीकडचं बटण

भोयर मॅडम कुठल्याही सर्किट-कार्डाला वायर लावली की आधी त्याला नाव विचारायच्या. नाव म्हणजे त्यावरच्या काळ्या चिपच्या आत बनवणाऱ्यानं कोरलेला नंबर. तो लॅपटॉपवर उमटला की म्हणायच्या, "हं, ओळख झाली. आता बोलू." नाही उमटला तर वायर काढून पिना पुसायच्या आणि पुन्हा लावायच्या. मी चाळीस वर्षं सोल्डरिंग केलेला माणूस, मला ते नाटक वाटायचं. एकदा म्हणालो, "अहो, कार्ड आहे ते, पाहुणा नाही." त्या म्हणाल्या, "पाहुणाच आहे जी काका. न विचारता वाढलं तर उपाशी उठून जाते, अन् आपल्याले पत्ताही लागत नाही."

हडपसरच्या आमच्या कारखान्यात शेतातल्या पंपाचे कंट्रोलर बनतात. विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करायची, हे कार्डाचं मुख्य काम. कार्ड जोडायचो मी, पण आत प्रोग्राम नसेल तर तो नुसता हिरवा तुकडा. पूर्वी प्रोग्राम बाहेरून टाकून यायचा. साहेबांनी ते काम कारखान्यात आणायचं ठरवलं आणि तुमसरकडच्या या मॅडमना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम जमलं तर कायम. कायम झाल्या की त्या गावाकडे एकट्या असलेल्या आईला इकडे आणणार होत्या. हडपसरजवळच्या मांजरी गावात, आमच्याच गल्लीत एक खोली मीच बघून दिली होती आणि घरमालकाला थांबवूनही ठेवलं होतं.

साहेबांनी दिलेला लॅपटॉप जुना. त्यात एकेक सॉफ्टवेअर बसवायला मॅडमना तीन दिवस लागले. प्रोग्राम टाकायची काडेपेटीएवढी डबी असते, तिची एक वायर लॅपटॉपला आणि दुसरी कार्डाला. लॅपटॉपला डबी दिसेना, आणि डबी दिसली तर कार्ड दिसेना. साहेब येऊन म्हणाले, "मॅडम, प्रोग्राम टाकताय की लग्न जमवताय?" मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "दोन्हीकडची माणसं अडून बसलीत साहेब." तिसऱ्या दिवशी दुपारी जमलं. मॅडमनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या आणि जेवणाचा डबा उघडला. तेवढाच त्यांचा आनंद.

मग मला शिकवायची वेळ आली. त्या म्हणाल्या, "काका, पायऱ्या मराठीत लिहून देऊ का?" माझं शिक्षण चौथी. मराठी वाचतो. इंग्रजी अक्षरं ओळखीची आहेत, पण जोडून शब्द होत नाही. हे कारखान्यात कुणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती, आणि ते कळूही द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "लिहून द्यायला मी काय शाळेतलं पोर हाय का? एकदा करून दाखवा." त्यांनी दाखवलं. कुठलं बटण कुठे, हे मी जागेवरून पाठ केलं. मध्येच पडद्यावर इंग्रजी मजकुराची एक चौकट आली. "हे रोज नवीन आवृत्ती घ्या म्हणते. नको म्हणायचं," असं म्हणून मॅडमनी उजवीकडचं बटण दाबलं. मी मनात बांधून ठेवलं, चौकट आली की उजवीकडचं बटण.

पंधरा दिवस बरं चाललं. मग एका सकाळपासून जवळजवळ प्रत्येक कार्डाला चौकट यायला लागली. मी उजवीकडचं दाबत गेलो. मॅडम दहा हातांवर बसल्या होत्या. हाक मारली असती तर उठून आल्या असत्या. त्या दिवशी चाळीस कार्डं पुरी केली आणि जाताना साहेबांना तसं ऐटीत सांगितलंही.

महिन्याभरात लोणी काळभोरच्या एका माणसाची मोटर जळाली. विहीर आटली तरी ती चालूच राहिली होती. कार्ड परत आलं. मॅडमनी त्याला नाव विचारलं, मग चिपमध्ये होतं ते सगळं वाचून काढून मूळ प्रोग्रामशेजारी ठेवलं. शेवटचा भाग रिकामा होता, आणि मोटर बंद करायची सूचना नेमकी तिथेच होती. वायरच्या पिना झिजल्यामुळे प्रोग्राम अर्धाच जात होता. लॅपटॉपनं दर वेळी चौकट आणून तेच सांगितलं होतं. ती कधी आली, कुठलं बटण दाबलं गेलं, याची नोंदही वेळेसकट ठेवली होती. मॅडम ती नोंद बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोल्डर शोधायला लागलो.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. "ही मांडणी तुमची ना, मॅडम?"

"हो साहेब."

"लॅपटॉपनं सांगितलं नाही?"

"सांगितलं. पण सांगूनही पुढे जाता येत होतं. ती वाट मी बंद करायला पाहिजे होती."

"जगताप, तुम्हाला काही दिसलं होतं?"

मी म्हणालो, "मॅडमनी दाखवलं तसंच केलं."

हे वाक्य खरं होतं, म्हणूनच ते मला आजही गिळता येत नाही.

मॅडमना कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, त्या चौकटीत काय लिहिलं होतं ते वाचलं होतं का जी?"

मी म्हणालो, "वाचलं की. म्हटलं, आसंल काहीतरी."

निष्काळजी ठरलो तरी चाललं असतं, अडाणी ठरायचं नव्हतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि जाऊन लॅपटॉपसमोर बसल्या. बसची वेळ होईपर्यंत काहीतरी करत होत्या. मला वाटलं, स्वतःचं सामान काढून घेतायत.

पुढच्या आठवड्यात एक कार्ड अडलं आणि पडदा लाल झाला. वर मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं होतं, "थांबा. प्रोग्राम पूर्ण गेला नाही. पिना पुसा, पुन्हा लावा." खाली बटणच नव्हतं. ज्याला ते मराठीत लागावं असा माणूस कारखान्यात एकच होता.

तरी साहेबांकडे जायला मला आठ महिने लागले. मांजरीच्या त्या खोलीत तोवर दुसरं बिऱ्हाड आलं होतं. मी म्हणालो, "साहेब, मला इंग्रजी वाचता येत नाही. त्या चौकटी मी पुढे ढकलल्या."

साहेब म्हणाले, "इंग्रजीचं ठाऊक आहे. मराठी कागद आला की तुम्ही चष्मा लावता, इंग्रजी आला की तसाच वाचता. चौकटी तुम्ही न वाचताच ढकलल्यात, हे मात्र आज कळलं." मग एका चिठ्ठीवर मॅडमचा नंबर लिहून माझ्यापुढे सरकवला. "मला सांगून आता काय होणार?"

मी फोन लावला. "बोला जी काका," तोच आवाज. मी सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "लाल पाटी येते का?"

"येते."

"वाचता ना?"

"वाचतो."

मग मी आईचं विचारलं. आणलं का तुमच्याकडे?

"नाही जी. या नव्या कामावर बी सहा महिन्यांचीच बोली आहे. बघू."