शिवाभाऊंच्या दुकानात आवाज शोधताना

सोनाराच्या दुकानात सोनं साठतं, आमच्याकडे किस्से. हौशी माणसं मोबाइलवर बारसं, साखरपुडा शूट करतात. मग घरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकून स्वतःच एडिटिंग करायला जातात आणि चार दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन आमच्या मिक्सिंगच्या दुकानात उभी राहतात. "ताई, चित्र दिसतंय, पण आवाज न्हाय की!"

मी बी.कॉम. झालेली आणि जन्माची भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. अशा मुलीच्या कानाला देवानं हेडफोन लावावा! त्यात मालक शिवाभाऊंची पहिल्याच दिवशी अट: "एक जरी गिऱ्हाईक 'आवाज न्हाय' म्हणत परत गेलं, तर त्येच्या मागनं तू बी जायाचं!"

घरी बाबांनी दुसरी सोय करूनच ठेवली होती. काकांच्या ओळखीनं चिंचोळी एमआयडीसीत, पत्र्याच्या कारखान्यात नोकरी. तिथं दिवसभर पत्र्यावर पत्रा आदळतो. मी आठवडाभरात गेले असते. वर!

*

पहिलंच काम एका मुंजीचं. आवाज शून्य. मी सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. शेवटी डोळ्यांत पाणी.

शिवाभाऊ आले, टेबलाखाली वाकले. सकाळी स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावायला त्यांनीच स्पीकरची पिन काढली होती! त्यांनी ती परत खोचली मात्र, सनई अशी फुटली की मी खुर्चीसकट मागे.

शिवाभाऊ वरून बघत म्हणाले, "आवाज न्हाय म्हणून रडती, आला की पडती!"

*

डोहाळजेवणाचा व्हिडिओ. हेडफोनमध्ये काहीच नाही, स्पीकरमध्येही नाही. पण स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या मस्त नाचत होत्या. म्हणजे आवाज निघत होता, पण जात कुठं होता?

इतक्यात शेजारच्या सलूनचा इरफानभाई कात्री घेऊन धावत आला. मी किंचाळलेच. आमचा कॉम्प्युटर त्याच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला गेला होता! शूटिंग करणाऱ्या दोन बायका मोबाइलजवळ बसून सासूची यथेच्छ उणीदुणी काढत होत्या आणि ती सगळं सलून ऐकत होतं.

मी घाईघाईनं माउसकडे हात नेला, तर इरफानभाई हात जोडून म्हणाला, "बंद नक्को करो दीदी! सास का आगे क्या हुआ?"

त्याच्या मागे अर्ध्या दाढीला साबण लावलेला एक गृहस्थ उभा होता. तोही मान हलवत होता.

*

श्रीपूरचे एक ऊसवाले काका. मुलाच्या वरातीचं ड्रोनवरून केलेलं शूटिंग घेऊन आले. "आवाज काढून द्या."

मी म्हटलं, "काका, ड्रोनच्या कॅमेऱ्याला माइक नसतो. त्यात आवाज येतच नाही."

काका भडकले. "मला येडं समजती व्हय? डोक्यावर भर्र भर्र करत हुतं की! आख्ख्या गावानं ऐकलंय!"

मी नेटवरून ड्रोनची भर्र भर्र शोधून वरातीला लावून दिली. काका एवढे खूश, की जाताना म्हणाले, "आता कसं! आदी का लपवत हुता?"

*

एका गुरुजींच्या निरोपसमारंभात आवाज होता, पण चित्राच्या पुढे पळत होता. गुरुजी उठायच्या आत टाळ्या, आणि ते बोलायला लागले की पाणी प्यायल्याचा घटघट आवाज! मी रडकुंडीला येऊन दुरुस्तीला बसले.

गुरुजी म्हणाले, "राहू दे गं. आधीच टाळ्या मिळाल्या, असं नोकरीत कधी झालं नव्हतं."

*

आणि माळशिरसचे मामा.

भाच्याचा साखरपुडा झालेला. मुलीकडच्यांनी मानाचा फेटा बांधला तेव्हाचा व्हिडिओ, मोबाइलमधून पुसला गेलेला, पेनड्राइव्हवर तेवढा उरलेला. मामा, मामी आणि खाली मान घातलेला नवरदेव, असे तिघं आले. व्हिडिओत मामांच्या डोक्यावर, पार कानांवरून फेटा चढतोय आणि मुलीकडची माणसं पोट धरून हसताहेत. आवाज मात्र गायब.

"ही कशाला हसत्यात, त्ये मला ऐकायचंय," मामा गरजले. "मला नावं ठेवली आसतील, तर सोयरीक आज हितंच मोडली!"

नवरदेव माझ्याकडे वाकून कुजबुजला, "ताई, आवाज येऊ द्या." मग म्हणाला, "न्हाय न्हाय, नको."

मी विचारलं, "शूटिंग कुणी केलं?"

"आमच्या हिनं," मामा म्हणाले. मामी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

मोबाइलचा आवाज आमच्या सॉफ्टवेअरला झेपत नव्हता, एवढंच. फाइल बदलून घेतली, हेडफोन लावला, प्ले केलं. आणि कानाच्या अगदी जवळ, खणखणीत, मामींचा आवाज: "आवो, फेटा कशाला वाया घालवताय? आत भोपळा हाय नुसता!" मग मुलीकडच्यांचं हसणं.

मी दचकून वर पाहिलं. मामींनी कॅलेंडर सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली होती.

"आला का आवाज?" मामा.

माझ्या मागे शिवाभाऊ येऊन उभे राहिले होते. माझ्या डोळ्यांसमोर चिंचोळीचा पत्र्यावर पत्रा आदळायला लागला. नवरदेवानं डोळेच मिटून घेतले.

"नाही मामा," मी म्हटलं. "आवाज गेला. आता येणार नाही."

स्क्रीनवर हिरव्या पट्ट्या नुसत्या नाचत होत्या. शिवाभाऊंनी पट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. मग मामांना म्हणाले, "माफ करा पावनं. ह्या पोरीला आत्ताच्या आत्ता कामावरनं काढतो."

"आवो काडू नका की!" मामी उसळून पुढं आल्या. "एवडी गुणाची पोरगी कुटं मिळायची तुमास्नी?"