किल्ली ज्ञानूकडे होती

हे मी कुणाजवळ बोललो नाही. पारूजवळही नाही — आणि बोलायचं होतं ते तिच्याजवळच. पारू म्हणजे माझी बायको. तिला जाऊन पाच महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण बोलायला गेलो की मी तंबाखू मळत बसतो. म्हणून लिहितो.

सुरुवात कुठनं करू? कतारपासनं करतो.

ऐंशी सालाच्या पुढंमागं मी तिकडं ड्रायव्हर होतो. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. रुवैसच्या रस्त्याला त्याची बाग होती — खजुरी, पाण्याची टाकी, आणि मागं तारेच्या कुंपणात पाळलेली अकरा हरणं. त्या हरणांवर त्याचा जीव. तारेच्या आत बंदूक न्यायची नाही, हा त्याचा कायदा. शिकार करायची ती तारेबाहेर.

पण तारेबाहेर उरलं होतं काय? पूर्वी म्हणे सगळं वाळवंट मोकळं, जाईल तिकडं हरणं. मी गेलो तेव्हा एका अंगाला तेल कंपनीची तार, दुसऱ्या अंगाला दुसऱ्यांच्या बागा, मधनं डांबरी सडक. सगळ्यांचं म्हणून एक पट्टाच राहिलेला. त्या पट्ट्यात सगळ्यांच्या गाड्या, सगळ्यांच्या बंदुका. ज्याला दिसेल त्याचं हरण — पण दिसतंय कुठं?

मला माग काढता यायचा. लहानपणी माणदेशात मेंढरू चुकलं की खूर बघत बघत मी ते घेऊन यायचो. अरबाब पाहुण्यांना सांगायचा, माझा ड्रायव्हर वाळू वाचतो. ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

हरणं राखायला मीच ज्ञानूला आणवला होता. ज्ञानू पारूचा धाकटा भाऊ, दोन लेकरांचा बाप. शेरडांत वाढलेला, कुठलंही जनावर त्याच्या अंगाशी यायचं. एका पाडसाची आई मेली, ते त्यानं बाटलीनं दूध पाजून जगवलं. तिचं नाव ठेवलं चंपी. मी रोज पिकअपमधनं हिरवा घास न्यायचो. दोनदा हॉर्न वाजवला की सगळी हरणं गाडीमागं, चंपी सगळ्यांत पुढं. खिडकीतनं तोंड आत घालायची.

"दाजी, सासुरवाडीत नाही एवढा मान हाय तुम्हाला हितं," ज्ञानू म्हणायचा.

त्या हिवाळ्यात अरबाबचा एक मोठा पाहुणा आला, दुसऱ्या मुलखातला. तीन दिवस शिकारीला. दोन दिवस मी त्याला त्या पट्ट्यात फिरवला. एक खूर दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तू वाळू वाचतोस म्हणे. मग वाच की. का वाळूला लिहिता येत नाही?" सगळे हसले. अरबाबही हसला.

पोटासाठी केलं म्हटलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं. पोटासाठी नाही केलं. माझी नोकरी जाणार नव्हती. ते हसले, म्हणून केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अरबाब कामाला दोहात गेलेला. मी ज्ञानूच्या खोपटाशी गेलो. तो पीठ मळत होता. म्हटलं, फाटकाची किल्ली दे, आज मीच आत जाऊन घास टाकतो. त्यानं पिठाच्या हातानं खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

"घ्या दाजी. चंपीला जरा बाजूला टाका, बाकीच्या तिला खाऊ देत न्हाईत."

एवढंच बोलला. ते पीठ किल्लीला वाळलेलं अजून दिसतं मला.

मी मागचं फाटक उघडलं — मोकळ्या रानाकडचं. हॉर्न वाजवत सावकाश गाडी बाहेर काढली. एकदोन यावीत असा हिशेब. अकराच्या अकरा आली. मैलभर लांब एका खोलगटात घास पसरला. येताना गाडीमागं गोणपाट बांधून चाकांचा माग पुसला. फाटक उघडंच ठेवलं. पाहुण्यानं एक मारलं की बाकीची हॉर्नवर परत आणीन, अरबाबला सांगीन एक आजारानं मेलं. किल्ली खिळ्यावर नेऊन ठेवली. ज्ञानू तेव्हा टाकीवर अंघोळ करत होता.

मग पाहुण्याला घेऊन निघालो. मधेच गाडी थांबवून उतरायचो, वाळूवर वाकायचो, उगाच बोट दाखवायचो. कसलं सोंग ते!

खोलगटाशी पोचलो. परका माणूस बघून हरणं बिचकली. पण चंपी नाही बिचकली. गाडीचा आवाज ओळखीचा ना! ती सरळ आली — माझ्या खिडकीशी. पाहुणा दुसऱ्या बाजूनं उतरला, पुढनं वळसा घालून आला. मी काच वर केली. हाकलता आलं असतं तिला. हात बाहेर काढून एक फटका मारला असता तरी पळाली असती. मी काच वर केली.

चार पावलांवरनं मारली तिला.

आवाजानं बाकीची उधळली. मी दिवस मावळेपर्यंत हॉर्न वाजवत हिंडलो. एकही आलं नाही. पुढच्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या गाडीवर एकेक हरण दिसायला लागलं. तारेबाहेरचं ते, कुणाला काय बोलणार?

संध्याकाळी अरबाब आला. रिकामं कुंपण बघितलं, ज्ञानूला बोलावलं. ज्ञानूला अरबी येत नव्हतं. मधे बोलायला मी.

अरबाबनं विचारलं, किल्ली कुणाकडं होती?

मी ते मराठीत सांगितलं. ज्ञानू म्हणाला, "दाजी, सकाळी तुम्हीच न्हवती का नेली? सांगा की त्यास्नी."

आणि मी अरबीत सांगितलं — तो म्हणतो, किल्ली माझ्याकडं होती, फाटक लावायचं राहून गेलं.

ज्ञानू मान हलवत होता. मी खरं तेच सांगतोय असं समजून, होय होय, करत होता. अरबाब एकच शब्द बोलला, "खलास." म्हणजे नोकरी संपली. ज्ञानूनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, बघतो म्हणाले. चौथ्या दिवशी त्याला विमानात बसवला.

मी आधीच पारूला पत्र टाकलं. तुझ्या भावानं फाटक उघडं टाकलं, माझी मान खाली गेली. पत्र तिनं शेजारणीकडनं वाचून घेतलं. ज्ञानू घरी येऊन खरं ते सांगायला लागला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्यावरच उभा केला. "माझ्या नवऱ्यावर आळ घेतोस? खोटारड्या! पुन्हा या दारात येऊ नगंस."

भाऊबीजेला भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. पारूचा भाऊ तीन कोसांवर शेरडं राखत होता, आणि ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. मी सुट्टीवर असलो की बघायचो. कायमचा परत आल्यावर दर वर्षी बघितलं. किती वर्षं? मोजली नाहीत. ताट खाली ठेवून एकदा म्हणाली, "लहानपणी असा नव्हता हो तो." मी काय बोललो? चहा टाक म्हटलं.

शेवटी दवाखान्यात दोन दिवस ती शुद्धीवर होती. खोलीत आम्ही दोघंच. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

ती अहेव गेली, माझ्या आधी. अशा बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. मी कुणालाच पाठवलं नव्हतं — कुठल्या तोंडानं पाठवणार? ज्ञानू आपणहून आला. म्हातारा झालाय, काठी लागते. काखेत हिरवं लुगडं. सगळी बाजूला सरली. त्यानं ते तिच्या अंगावर घातलं, पायाकडनं सारखं करत आला. एक टोक माझ्या बाजूला दुमडलेलं राहिलं होतं.

"दाजी, तेवढं तुमच्याकडचं नीट करा," म्हणाला.

मी नीट केलं. सगळं गाव उभं होतं. तेव्हाही मी बोललो नाही.