दोराचा त्रिकोण

धरणगावच्या शाळेत मी मास्तर असताना बालवर्गाच्या बाई माझ्या शेजारच्या वर्गात शिकवायच्या. पदर खोचायचा, घरून आणलेल्या विहिरीच्या दोराची टोकं बांधायची आणि मुलांनाच कोपरे करून उभं करायचं, अशी त्यांची भूमिती. आवाज कधी चढायचा नाही. बोलताना मात्र सारखं ‘बरं का’ चालायचं.

एकदा तपासणीला साहेब आले. मुलं रांगेत बसलेली नाहीत हे पाहून ते चिडले. म्हणाले, “हा काय खेळ मांडलाय? मला शेरा लिहावा लागेल.”

“लिहा ना साहेब. तेवढा हा दोर धरा, त्रिकोणाला एक कोपरा कमी पडतोय, बरं का.”

वर्ग मुलांनी भरलेला होता. तरी साहेबांनी नकळत दोर धरला. ते जरा हलले, तशी समोरची चिमुरडी गंभीरपणे म्हणाली, “साहेब, तुमी सरकनात, कोपरा मोडी गया.”

साहेब ताठ उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “बाई, आता सोडू?”

“चौकोन राहिलाय, बरं का,” म्हणत बाईंनी दारात हसू दाबून उभ्या असलेल्या हेडमास्तरांकडे पाहिलं. तेही निमूट आत गेले.

मी खिडकीतून बघत होतो. बाईंची नजर माझ्याकडे वळताच मी माझ्या वर्गात पळालो. पंचकोन व्हायची माझी तयारी नव्हती.