साहेबराव ओव्हाळांचं नेपाळ

आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं साताऱ्याला जात, नगरला जात, फारच शिल्लक असली तर कोथरूडला प्लॉट घेत. परदेशात स्थायिक व्हायला निघालेला माणूस मात्र एकच झाला, आणि तोही साहेब नव्हे, बॉयलरवरचा कामगार. साहेबराव ओव्हाळ.

बासष्ट साली ते पिंपरीत आले आणि सतरा वर्षं त्यांनी तो बॉयलर तान्ह्या पोरासारखा सांभाळला. वाफेचा काटा जरा इकडचा तिकडे झाला की त्यांना कॅन्टीनमध्ये बसून कळायचं. हातातला घास टाकून ते धावत सुटायचे. अठ्ठावन्न भरत आली तशी कंपनीची चिठ्ठी आली. एकतीस मेला नोकरी संपेल, तीस जूनपर्यंत कंपनीच्या चाळीतली खोली रिकामी करावी.

पहिली पाळी सुटली की साहेबराव कासारवाडीपासून चिंचवडपर्यंत खोल्या बघत हिंडू लागले. खोल्या होत्या. नळ होता, मोरी होती, मालक हसतमुख होते. "या, बसा. आडनाव काय म्हणालात?" ओव्हाळ म्हटलं की खोली नेमकी परवाच कुणाला तरी दिलेली असायची.

"चौदा खोल्या एकाच परवाला गेल्या," साहेबराव आम्हा टाइम ऑफिसवाल्यांना सांगत. "त्या दिवशी चिंचवडात जत्राच असंल, राव!"

आम्ही पोट धरून हसायचो. ते सांगायचेच असं, की हसणं भागच पडे.

त्यांच्या लोकांच्या वस्तीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मुलगी नगरला, सासरच्या दोन खोल्यांत नऊ माणसांत. कुणी म्हणालं, गावी जा. "गावाच्या वेशीची राखण टाकून आलोय मी," ते म्हणाले. "आता म्हातारपणी तीच काठी धरायला परत जाऊ व्हय?"

उरला खंडू. आमच्यातला फिटर, कासारवाडीचाच. त्याची जमीन कारखान्यांत गेली आणि आलेल्या पैशांत त्यानं सहा खोल्या बांधल्या. कोपऱ्यातली एक रिकामी होती. खंडू आणि साहेबराव सतरा वर्षं एका ताटात जेवत. साहेबरावांनी विचारलं तेव्हा खंडूनं मान खाली घातली.

"माझं काय न्हाई, सायेबराव. पर आई हाय घरात. तिला न्हाई सोसायचं."

त्याच आठवड्यात गेटवरच्या गुरख्यानं त्यांना नेपाळची गोष्ट सांगितली. आपल्या शंभराचे तिकडे एकशे पंचेचाळीस होतात. पासपोर्ट लागत नाही. आणि बुद्धांचं जन्मगाव तिथंच आहे. साहेबराव कागद घेऊन आमच्या टेबलाशी बसले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अठरा हजार. त्याचं व्याज महिन्याला एकशे पस्तीस, म्हणजे तिकडचे एकशे पंच्याण्णव. खोली चाळीस, तांदूळ-डाळ ऐंशी, रॉकेल, चहा, बायकोची, चिमाबाईंची मिसरी. तरी तीस उरले!

"नोकर ठिवावा लागतोय आता," ते म्हणाले.

चिमाबाईंनी घरी हा हिशोब ऐकला आणि एवढंच विचारलं, "इतकी स्वस्ताई हाय, तर त्यो गुरखा शिट्टी फुकत पिंपरीत का फिरतोय?"

निरोप समारंभात साहेबरावांना हार घातला. बोला म्हणाले. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, खोलीची काळजी करू नका. मी बुद्धाच्या गावाला चाललोय, फॉरेनला!" काय टाळ्या पडल्या! निवृत्त माणसाला खात्यानं भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, ही आमची रीत. या वेळी खंडूच पुढं झाला. घड्याळ नको म्हणाला. खात्यातल्या पन्नास माणसांकडून तीन-तीन रुपये त्यानं स्वतः फिरून गोळा केले आणि नेपाळच्या वाटेवरच्या गोरखपूरची दोन तिकिटं आणली. गेटपासून चाळीपर्यंत ताशा, गुलाल. सगळ्यात जास्त नाचला तोही खंडूच.

तीस जूनला खोलीची किल्ली कंपनीत जमा झाली. आम्ही पंधरा-वीस जण चिंचवड स्टेशनवर पोचवायला गेलो. कल्याणला गाडी बदलायची होती. साहेबरावांनी मला नळाजवळ ओढलं.

"मी आपलं गमतीनं म्हणलो हुतो, राव."

"म्हणजे?"

"हार घालून घेताना खोली मिळंना म्हून कसं सांगायचं? म्हणलं, चार दिवस हसतील, तवर काय तरी हुईल. तर ह्यांनी तिकिटंच काढली."

"मग परत करा!"

"पन्नास माणसांनी प्रेमानं दिल्यात. कुणाच्या हातात दिऊ?"

चिमाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सरळ खंडूसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खंडूभाऊ, ती कोपऱ्यातली खोली मोकळीच हाय ना अजून?"

खंडूनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"वैनी... आईला एकदा इचारतो."

"कदी? गाडी आली की."

गाडी खरंच आली. दोन मिनिटंच थांबते. खंडूनं कुणाला हात लावू न देता ट्रंक एकट्यानं उचलली, गर्दी सारत आत नेली. "दमानं, आत तसबीर हाय," चिमाबाई मागून म्हणाल्या. त्यानं ती बाकाखाली अशी ठेवली, की काचेचा आवाजसुद्धा झाला नाही. साहेबरावांनी खिडकीतून प्रत्येकाचा हात हातात घेतला. खंडूचाही घेतला.

गाडी गेली. आमच्यातले निम्मे तरी घरमालक होते, पण कुणी कुणाकडे बघितलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. एवढ्या लगबगीनं आम्ही कामावर कधी निघालो नव्हतो.