धुळ्याच्या सभेतला ‘बरा झालेला’ रुग्ण

पडद्यावर मेंदूचे दोन आलेख होते आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत अमळनेरकडचे शेतकरी नाना हात जोडून बसले होते. धुळ्यातील डॉक्टरांची ती सभा नानांच्या पत्नीने उधळली, असे माझे जळगावचे सहकारी आजही सांगतात. ते साफ खोटे आहे. त्या बाईंनी आधी परवानगी मागितली होती.

नानांना कशातच गोडी वाटत नव्हती. आम्ही मनोविकारतज्ज्ञ याला ॲनहेडोनिया म्हणतो. माणूस रडतोच असे नाही; त्याचे सुख आटते. मी औषध सुरू केले. त्याआधी आणि दोन महिन्यांनी ईईजी काढला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवल्या. लहरी बदलल्या होत्या, झोपही सुधारली होती. मी फाइलवर ‘बरे’ लिहिले आणि नानांना, त्यांच्या संमतीने, सभेत आणले.

“नाना, आता बरे वाटते ना?”

“बठ्ठं बरं शे, डॉक्टरसाहेब.”

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत नानांच्या पत्नी, अक्का, उभ्या राहिल्या.

“साहेब, बोलू का?”

“बोला.”

नानांकडे हात करून त्या म्हणाल्या, “नातू मांडीवर बठस, तं या त्याले खाली उतारी देतस. तुमना कागदवर ते दिसस का?”

कोणीतरी हसले. मी म्हणालो, “अक्का, हे शास्त्र आहे. खाली बसा.” आणि पुढची स्लाइड लावली.

माझे निदान का चुकले, यावर कोणी म्हणतो यंत्र बिघडलेले होते, कोणी म्हणतो रुग्णाने फसवले. दोन्ही चूक. मेंदूत बदल खरोखरच झाला होता. तो बदल म्हणजे आनंद, हा अर्थ मी लावला होता.

चहाच्या वेळी नानांना बाजूला घेऊन पुन्हा विचारले. ते खाली पाहत म्हणाले, “तुम्ही इतलं करी राहिनात, तुमले नही कसं म्हनू?”

आमच्या भागात कष्ट घेणाऱ्याला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. मी इथेच जन्मलो. मला हे ठाऊक होते.

फाइलवरचे ‘बरे’ खोडले, औषध बदलले. अक्कांची क्षमाही मागितली. पण नंतर, माझ्या दवाखान्यात, जिथे ऐकायला तिसरे कोणी नव्हते. याची लाज अजून गेलेली नाही.

चार महिन्यांनी अक्का नानांची तक्रार घेऊन आल्या. “आते भांडतस! भरीतमा मिरची कमी पडनी म्हने.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकाही रुग्णाला “बरे वाटते ना?” असे विचारले नाही. “काल काय आवडले?” असे विचारत असे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसत असे.