दगडावरची तिसरी ओळ

फौजेतून सुटलेली तीन माणसं रोज एका जागी बसली, की किस्से साचतातच. आम्ही सोसायटीच्या ओट्यावर बसतो. मी, नामदेव हवालदार आणि उस्मान ड्रायव्हर. समोर गावच्या शहिदांचा दगड. मी चौथी शिकलेला. जे झालं तेवढंच सांगतो.

*

आम्ही फौज सोडून आलो आणि दुष्काळ पडला. छाती काढून चालणारे आम्ही तिघं खडी फोडायला बसलो. खाणीत एक मोठा काळा दगड निघाला. तो आम्ही बाजूला उभा केला.

मुकादम ओरडला, "हा का फोडला न्हाई बे?"

नामदेव ताडकन उठला. "साहेब, तो ड्युटीवर हाय!"

दगड बैलगाडीत घातला. बैलांच्या अंगात जीव नव्हता. शेवटी गाडी गावानंच ओढली.

*

लढाईत गेलेल्या दोघांची नावं त्यावर कोरायची ठरली. चौथऱ्याला सिमेंट सोसायटीच्या चेअरमननं द्यायचं कबूल केलं. मग हळूच म्हणाला, "खाली माझं बी नाव येऊ द्या."

उस्मान म्हणाला, "बेशक! पण त्याच्यासाठी सरहद्दीवर जावं लागतं, चेअरमनसाब. आन् माघारी यायचं नसतं!"

चेअरमन हसला नाही. सिमेंट मात्र दिलं.

*

तिसरं नाव भानुदासचं घालायचं होतं. तो लढाईत बेपत्ता झाला. पुढं काहीच कळलं नाही. पाथरवटानं छिन्नी लावली, तशी त्याची आई गयाबाई आली आणि दगडाला पाठ लावून बसली.

"माझ्या लेकाचं नाव कोरू नका."

"काकू, मान हाय त्यो त्याचा," नामदेव म्हणाला.

"आन् आला म्हंजी? मेल्याल्यात सवताचं नाव वाचून माघारी जाईल की!"

छिन्नी थांबली. तिसरी ओळ मोकळी राहिली.

*

एका सव्वीस जानेवारीला पुढारी आले. हार घातला, फोटो झाला. मग त्यांचं लक्ष गेलं. "ही जागा मोकळी का?"

"भानुदास रजेवर हाय, साहेब!" नामदेवनं सांगितलं.

"कधी येणार?"

नामदेवनं टाचा जुळवल्या आणि तो सावधानमध्ये उभा राहिला.

बायकांच्या घोळक्यातून गयाबाई बोलली, "निघाला आसंल."

*

गयाबाई दरसाल टोळीबरोबर ऊस तोडायला जायची. जाताना घराची किल्ली नामदेवकडं द्यायची. "आला तर दार उघडून द्या. पीठ डब्यात हाय."

एका साली नामदेव म्हणाला, "काकू, आता किती वाट बघायची?"

तिनं त्याच्या हातातली किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. त्यानंतर किल्ली माझ्याकडंच आली. मी एकदाही काही विचारलं नाही.

*

मग रस्ता रुंद झाला. फाट्यावरची चिंच तोडली, आटलेली विहीर बुजवली, एसटीचा थांबा पुढं सरकवला. आमचा दगड थेट रस्त्याच्या कडेला उघडा पडला. गयाबाई तेव्हा कारखान्यावर होती.

ती एसटीनं परत आली. कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडला, पण चिंच दिसेना म्हणून ती उठलीच नाही. थेट बीडच्या स्टँडवर उतरली!

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर आली. उस्मान हसला. "काय काकू, बीड बघून आला व्हय?"

ती हसली नाही. "मी जलम काढला हितं. मला गाव वळखू आलं न्हाई. त्याला कसं यील?"

तिनं दगडाकडं बोट केलं.

"पाथरवटाला बोलवा. ती जागा भरा."

नामदेवनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पालीहून पाथरवट आला. गयाबाई त्याच्या शेजारीच बसली. त्यानं तिसऱ्या ओळीवर छिन्नी टेकवली. "भानुदास... पुढं काय लिहू, मावशी?"

"त्याचं न्हाई रं. गावाचं नाव कोर."

तो आमच्याकडं बघायला लागला.

"आन् मोठं कोर," गयाबाई म्हणाली. "एसटीतून दिसलं पाह्यजे."